आधी नाव जुळवा, मग रांगेला लागा

घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, बँकेची पासबुकं आणि पोरांचे जन्मदाखले काढून चटईवर मांडा. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत एकेकाचं नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर वाचा. मराठीतलं वाचा, इंग्रजीतलंही वाचा. फरक दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. एवढं झालं की मग कुठली योजना, कुठलं ऑफिस, किती पैसे, ते बोलू.

मी सोलापुरात पूर्व भागात अंगणवाडी सेविका आहे. नियमाप्रमाणे माझं काम सहा वर्षांपर्यंतची पोरं आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आया यांचं. पण गल्लीत सरकारचं उघडं दार आमचं एकच, म्हणून गरोदरपणाचा फॉर्म भरायला आलेली पोरगी जाता जाता विचारतेच, "बाई, आमच्या अज्जीचं पेन्शन का बंद झालं हो?" कधीकाळी माझ्याकडे खिचडी खाणाऱ्या पोरी आता आपली पोरं घेऊन येतात, त्यामुळे नाही म्हणताही येत नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आमच्याकडचे बहुतेक अर्ज माणूस बसत नाही म्हणून अडकत नाहीत, नाव बसत नाही म्हणून अडकतात.

आमच्या भागात तर हे जरा जास्तच. घरात तेलुगू, शाळेत मराठी, माहेर कानडी मुलखात. एकच बाई आधारवर नरसम्मा, रेशन कार्डावर नरसव्वा, विडी कारखान्याच्या नोंदीत नरसाबाई, आणि सासरी नाव बदललं म्हणून बँकेत लक्ष्मी. कॉम्प्युटरच्या लेखी या चार बायका, आणि पैसे चौघींपैकी कुणालाच नाहीत.

दुरुस्तीला आधारपासून सुरुवात करा, कारण पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. पण घाई नको. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून स्पेलिंग आधी घरी कागदावर लिहून ठरवा, केंद्रातल्या ऑपरेटरला मोठ्यानं वाचून दाखवायला लावा, पावतीवर पुन्हा वाचा, मगच तिथून उठा. म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख तर हमखास बघा. पहिल्यांदा आधार काढताना कुणालाच तारीख माहीत नव्हती, म्हणून आमच्या निम्म्या गल्लीचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. वर्ष चुकलं असेल तर पासष्टीची योजना पुढे जाते. शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर तोच सगळ्यात बळकट पुरावा.

आणि पत्ता. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या आणि शहरातली किती तरी कुटुंबं तिथं राहायला गेली. घर बदललं, कागद मागेच राहिले. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, महापालिकेत नाही. म्हणजे तहसील वेगळं, आरोग्य केंद्र वेगळं, जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत. जुन्या पत्त्यावर रेशन आणि नव्या पत्त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, असं चालत नाही. राहायला गेलात की पहिल्या महिन्यातच पत्ता बदला आणि पोराचं नाव तिथल्या अंगणवाडीत लावून घ्या.

बाळ येणार असेल तर

पाळी चुकली, दिवस राहिलेत हे कळलं की तीन महिन्यांच्या आत आशाताईकडे किंवा नागरी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे नोंद करा. माता व बाल संरक्षण कार्ड तिथंच मिळतं. हे कार्ड हरवू नका, लॅमिनेटही करू नका, त्यावर पुढं लिहायचं असतं. खाजगी डॉक्टरांकडे दाखवत असलात तरी ही नोंद करायचीच. ती नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. ३,००० नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर, २,००० बाळाचा जन्म नोंदवून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० एकदम. नवऱ्याचं खातं चालत नाही, बाईचं स्वतःचं लागतं. सासू म्हणते, "तिला कशाला वेगळं खातं?" तेव्हा मी सासूलाच विचारते, तुमचं स्वतःचं खातं आहे का? तिथून विषय आपोआप तिच्या पेन्शनकडे वळतो आणि दोघी बँकेत जातात.

सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, किंवा महापालिकेच्या डफरीनमध्ये बाळंतपणाला पैसे लागत नाहीत. औषधं, रक्त, जेवण, सिझर लागलं तर तेही, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात येतं. कळा सुरू झाल्या की १०२ ला फोन करा. रक्तस्राव, झटके असं काही असेल तर थेट १०८.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलंच. बाळाचा जन्म जिथं झाला तिथंच नोंदला जातो, आई-बाप कुठंही राहोत. इंडीला किंवा अफझलपूरला झालं तर दाखला तिथला, कानडीत आणि इंग्रजीत. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट असते, म्हणून बाळंतीण परत यायच्या आधी दाखला हातात घ्या. बारसं उशिरा झालं म्हणून नावाचा रकाना रिकामा राहतो. तो १२ महिन्यांच्या आत फुकट भरून मिळतो, नंतर १५ वर्षांपर्यंत फी भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोरांना शाळा, आधार, पुढं लायसन, सगळीकडे वयाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. तेव्हा बापाचं नाव आणि आडनाव आधारप्रमाणेच लिहून द्या. हातानं लिहिलेली चिठ्ठी घेऊन जा, तोंडी सांगू नका. आमच्या तेलुगू आडनावांचं तोंडी सांगून काय होतं, हे पूर्व भागात कुणाला सांगायला नको.

घरात पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर झाली असेल, तर लेक लाडकी योजनेचा अर्ज आमच्याकडेच द्यायचा. जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की ७५,०००. सगळे मिळून १,०१,००० होतात. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला मागतात, तो जपून ठेवा.

दंडाची पट्टी

अंगणवाडी म्हणजे खिचडी, एवढंच लोकांना माहीत. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्या पोरांना गरम जेवण, दर महिन्याला वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, आणि शाळेआधीचं गाणी-गोष्टींचं शिक्षण. पण माझ्या मते आमच्याकडची सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे दंडाचं माप घ्यायची ती वीतभर रंगीत पट्टी. डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही आणि ढिलीही ठेवायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे पोर फार कुपोषित, १२.५ पर्यंत पिवळं, पुढं हिरवं. सहा महिने ते पाच वर्षं हेच माप चालतं.

लाल आलं की आईचा चेहरा पडतो आणि सासूचा चढतो. "आमच्यात सगळी बारीकच असतात." असतील. पण दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठा तीन सेकंद दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि सुजेनं पोर गुटगुटीत दिसतं. अशा पोराला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात. आईची राहण्या-जेवणाची सोय असते, बुडीत मजुरीपोटी पैसेही मिळतात. विडीवाल्या आईला हे आधी सांगावं लागतं, कारण तिच्या डोक्यात पहिला हिशोब हजार विड्यांच्या मजुरीचाच असतो. आणि एक, पोराला विड्या वळायच्या सुपाजवळ झोपवू नका. तंबाखूची धूळ आपल्याला सवयीची झालीय, त्याला नाही.

वर्षातून दोनदा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात. त्या दिवशी पोराला गावाला नेऊ नका. हृदयाला छिद्र, तिरळेपणा, वाकडा पाय, उशिरा बोलणं, यातलं काहीही सापडलं तर पुढचे उपचार, ऑपरेशनसुद्धा, फुकट होतात. शाळेत गेल्यावर हीच तपासणी वर्षातून एकदा असते आणि ती अठरा वर्षांपर्यंत चालते.

शाळेचं थोडक्यात. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमातही आहेत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खाजगी शाळांच्या, २५ टक्के जागांसाठी उत्पन्नाची अट वर्षाला एक लाखाची, अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाची अट नाही, आणि पत्ता इथं सगळ्यात जास्त तपासतात. विडी कामगारांच्या पोरांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. त्यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. ते नसेल तर आधी ते काढा, दवाखान्यालाही उपयोगी पडतं.

घरातला कमावता गेला तर

यावर कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेराव्यापर्यंत कुणाला काही सुचत नाही, पण एकच काम त्याच आठवड्यात करा. मृत्यूची नोंद करा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. मयताचं नाव आधारप्रमाणे आहे का, बायकोचं नाव बरोबर आहे का, ते खिडकीवरच बघा. नंतर दुरुस्तीला महिने जातात.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. बाईला संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये. दोन्ही अर्ज तहसीलचे. ज्या बायकांना लाडकी बहीणचे १,५०० येतात त्यांनी ध्यानात ठेवा, दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढेच येत असतील तर दोन्ही एकदम मिळत नाहीत.

पोरांसाठी वेगळी योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप कुणीही एक गेला असेल तरी अठरा वर्षांखालच्या पोराला महिना २,२५० रुपये. लोकांना वाटतं ही फक्त अनाथांसाठी आहे. तसं नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, घरी चौकशीला माणूस येतो, मग बाल कल्याण समिती आदेश काढते. शाळेचा बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पोराचं आधार आणि खातं. वेळ लागतो. पण पैसे पोराच्या नावानं येतात, आणि आई परत लग्न करेल म्हणून डोळे वटारून बसलेल्या दिराच्या हातात जात नाहीत. हे माझं मत, योजनेत लिहिलेलं नाही.

अशा घरात मोठ्या मुलीचं लग्न उरकून टाकायची भाषा सुरू होते. ती अठराच्या आतली असेल तर १०९८ ला फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. बाईला मारहाण होत असेल तर १८१. कोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

मोठं आजारपण आलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होतानाच तिथं जा. बिल झाल्यावर गेलात तर तो बिचारा काही करू शकत नाही.

म्हातारपण

पहिला प्रश्न अंगठ्याचा. जन्मभर विड्या वळल्या, किंवा लूमवर सूत ओढलं, की बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. रेशनवाला म्हणतो अंगठा उठत नाही, बँकवाला म्हणतो उद्या या. उद्या काय रेषा उगवणार आहेत? हात कोमट पाण्यानं धुऊन पुसा, सगळी दहा बोटं करून बघा, कुठलं तरी एक उठतं. ते कुठलं बोट, हे पासबुकावर लिहून ठेवा. एकही उठत नसेल तर आधार केंद्रात जाऊन बोटं आणि डोळे दोन्ही अपडेट करा, डोळ्यावर काम होतं. आणि मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवाच, म्हणजे ओटीपी येतो. तो नंबर घरातच राहणाऱ्या माणसाचा असावा, पुण्याला कामाला गेलेल्या नातवाचा नको.

६५ पुरी झाली की श्रावणबाळ योजना, महिना १,५००. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. महिन्याला पावणेदोन हजारांत कुठलं कुटुंब जगतं, हे मला अजून कळलेलं नाही, पण अट ती आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राचं इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन त्या १,५०० मध्येच धरलेलं असतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. "अज्जीचं पेन्शन का बंद झालं" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं, दाखला दिला नव्हता किंवा आधारला बँक खातं जोडलेलं नव्हतं.

विडी कामगार बायकांनी पीएफ विसरू नये. दहा वर्षं भरलेली असतील तर अठ्ठावन्नला पेन्शन सुरू होतं, कमीत कमी महिना १,०००. कारखाना बदलला म्हणून दोन-दोन पीएफ नंबर असतात, ते एकत्र करून घ्या, नाहीतर दहा वर्षं भरत नाहीत. इथंही कारखान्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळवावं लागतं, आणि ते काम नोकरीत असताना सोपं जातं. पन्नाशीलाच करा.

सत्तरी ओलांडली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालंय. उत्पन्न विचारत नाहीत, आधारवर निघतं, पाच लाखांपर्यंतचे उपचार. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये, वय ६५ आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बाकी एकही योजना पाठ नाही, ही मात्र आहे. एकादशी आली की पंढरपूर.

आता नाजूक विषय. घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि मग जेवणाचे वांधे सुरू झाले, हे आपल्याकडे नवं नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानं आई-वडील प्रांत कार्यालयात साध्या कागदावर अर्ज करू शकतात, महिना १०,००० पर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडून. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात "देखभाल करण्याच्या अटीवर" हे शब्द घालून घ्या, मग देखभाल झाली नाही तर ते रद्द करून मागता येतं. लिहून घ्यायला लाज वाटते. वाटू द्या. कागद करायच्या आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलतात.

ऑफिसात जाताना

एप्रिल-मे मध्ये सकाळी दहालाच पोचा, बाराच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत साहेब भेटले तर तुमचं नशीब. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरा, दराचा फलक भिंतीवर असतो, तेवढेच पैसे द्या. "करून देतो, दोन हजार द्या" म्हणणारा माणूस तुमचा तोच अर्ज त्याच केंद्रात भरतो. पोच आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, मोबाईलमध्ये फोटो काढा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यातल्या दाखल्याला ठरलेल्या दिवसांपेक्षा उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अपील करायची वेळ क्वचित येते. अर्ज क्रमांक आणि तारीख वाचून दाखवली, की फाईल सापडते.

घरातलं म्हातारं माणूस गेलं की मृत्यूचा दाखला घेऊन तीन ठिकाणी जा. रेशन दुकानात नाव कमी करायला, बँकेत वारसाला पैसे काढायला, आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेत पेन्शन थांबवायला. पीएफचं पेन्शन असेल तर मागे राहिलेल्या नवरा किंवा बायकोला त्यातला हिस्सा मिळतो, तो अर्ज वेगळा. आणि त्या महिन्यानंतर खात्यात आलेले पैसे एटीएममधून काढू नका, ते परत मागतात.